एका डोळ्याचा होकार

कारखान्यात चोवीस माग एकदम सुरू झाले की शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही ऐकू जात नसे. त्यामुळे तिथली माणसं ओरडण्याच्या भानगडीत पडतच नसत. सगळा कारभार डोळ्यांचा, भुवयांचा आणि गालांचा. आणि या कारभारात गुरम्माचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गुरम्मा अक्कलकोटच्या पलीकडची. घरात कानडी, बाजारात मराठी. बहात्तरच्या दुष्काळात शेतात काही उरलं नाही तेव्हा नवऱ्याबरोबर, निंगप्पाबरोबर, ती सोलापुरात आली. तो सात रस्त्याच्या एका दुकानात माल उतरवायचा आणि ही चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायची. म्हणजे रंगीत सूत यंत्रावर लहान लहान कांड्यांना गुंडाळून द्यायचं. विणकर त्या कांड्या आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालणार, मग चादरीवर मोर नाहीतर फुलं उमटणार. विणकर तेलुगू बोलणारे, कांडीवाल्या बायका कानडी-मराठी, यंत्र दुरुस्त करणारा दखनी. पण एकदा माग सुरू झाले की कुणाची भाषा कुठली, हा प्रश्नच मिटायचा.

कपाळाला बोट लावलं की लाल सूत. गालाला लावलं की पिवळं, बांगडीला लावलं की हिरवं. हनुवटी उडवली की ‘संपलं का?’ दोन्ही डोळे मिटले की ‘हो’. एकच मिटला की ‘थट्टा करतेय, मनावर घेऊ नका’. मान हलवून भागत नसे, कारण कांड्या बदलताना मान सारखी खाली-वर होतच असते, तिचा काय भरवसा.

ही बाराखडी सगळ्यांनाच यायची, पण गुरम्मा तिच्यात गप्पा मारायची. जगदेवी नावाची पोरगी नवीन लागली तेव्हा तिचा धागा दर मिनिटाला तुटायचा आणि ती रडकुंडीला यायची. गुरम्माने समोरून डावी भुवई जेमतेम तिळाएवढी वर केली. ‘तुटू दे की, धागाच हाय, नवरा न्हाय’ असं काहीतरी त्या भुवईत होतं. पोरगी हसली आणि तिचे हात वळणावर आले. खात्यावर देखरेख करणारा जॉबर लक्ष्मय्या पाठ वळवून गेला की गुरम्मा गाल फुगवून, ओठ मुडपून हुबेहूब लक्ष्मय्या व्हायची. बायकांची अख्खी रांग खांदे हलवत हसायची. लक्ष्मय्याला हे ठाऊक होतं. तो कधी बोलला नाही, पण वळायच्या आधी जरा थांबायचा.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत गुरम्मा माहेरी जाऊन आली. एसटीत खिडकीपाशी बसून सगळी वाट गार वारं खात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. तिला वाटलं, झोप उतरली नसेल. मग निंगप्पाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

“तोंडावरनं वारं गेलं की गं,” तो म्हणाला.

तोंडाची डावी बाजू ओघळली होती. भुवई हलत नव्हती, गाल हलत नव्हता, डावा डोळा मिटत नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यात घालायला थेंब दिले, गोळ्या दिल्या आणि नस सुजलीय म्हणून सांगितलं. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत सुधारतं, म्हणाले. आणि ज्यांचं सुधारत नाही त्यांचं काय, ते गुरम्माने विचारलंच नाही.

आठ दिवसांनी ती कामावर गेली. पदर नाकापर्यंत ओढलेला, डोळ्यावर साध्या काचेचा चष्मा. सुताचा कापूस डोळ्यात जाऊ नये म्हणून निंगप्पाने तो सात रस्त्याच्या फुटपाथवरून आणला होता. जगदेवीने लांबून भुवया उडवून विचारलं, बरं हाय का? गुरम्माने खाली मान घातली. जिच्या चेहऱ्यावरून सगळी रांग चालायची, तिला त्या दिवशी आपला चेहरा कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

दुपारी लक्ष्मय्या लांबच्या टोकाला उभा राहिला. कपाळाला बोट लावून त्याने हनुवटी उडवली. लाल संपलं का? लाल खरंच संपत आलं होतं, खोक्यात शेवटच्या दहा-बारा कांड्या होत्या. गुरम्माने दोन्ही डोळे मिटले. म्हणजे तिने दोन्ही मिटले, पण मिटला एकच. लक्ष्मय्याला वाटलं, बाई आल्या आल्या पुन्हा थट्टेवर आली, म्हणजे बरी झाली. तो खूश होऊन निघून गेला.

तासाभराने लाल सूत संपलं. तोवर गोदामाची किल्ली घेऊन कारकून लग्नाला गेला होता. मोराचे तुरे अर्ध्यावर सोडून तीन माग थांबले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबूनच राहिले. तीन विणकरांची अर्धी पाळी फुकट गेली. ते काय बोलले ते तेलुगूत होतं, पण चेहरे गुरम्माला वाचता येत होतेच.

सुट्टीच्या भोंग्यानंतर लक्ष्मय्याने तिला बाजूला बोलावलं.

“गुरम्माक्का, तुमी उद्यापासून घडीखान्यात बसा. चादरी मोजून घडी घालायच्या. कापूस उडत न्हाय, आवाज न्हाय. डोळ्याला पन बरं.”

“म्हंजे मला हितनं काढलं म्हना की.”

“काढलं कुटं? पगार तोच.”

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर चार शब्द सुनावता आले असते. घडीखाना मागच्या अंगाला, शांत खोली. तिथे कोंडीबा नावाचा एक म्हातारा, तो दिवसभरात दोन वाक्यं बोलायचा आणि दोन्ही जेवणाबद्दल. गुरम्मा तिथे सहा दिवस बसली. भिंतीपलीकडून माग ऐकू यायचे. तिला आयुष्यात दुष्काळानेही इतकं एकटं केलं नव्हतं. शेत गेलं तेव्हा ती रडली नव्हती, चादरींच्या ढिगामागे मात्र रडली.

सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती उठून सरळ मागांच्या खात्यात आली. बायका डबे उघडून बसल्या होत्या, विणकर पलीकडे विडी ओढत होते, लक्ष्मय्या हिशेबाची पाटी पुसत होता. गुरम्माने पदर खाली केला. अर्धा चेहरा ओघळलेला, अर्धा जिवंत, सगळ्यांसमोर. जगदेवीचा घास हातातच राहिला.

“बगा नीट,” गुरम्मा म्हणाली. तोंडाच्या एकाच बाजूने बोलताना शब्द जरा घसरत होते. “ह्यो डोळा माझं ऐकत न्हाय. पन ह्यो ऐकतोय की. मग आजपासून ह्यो एक मिटला की माझा होकार. थट्टा असंल तवा मी गाल वर वढीन, असा.” तिने उजवा गाल डोळ्यापर्यंत चढवला. ते ध्यान इतकं विचित्र दिसलं की एक विणकर ठसकला. गुरम्मा त्याच्याकडे वळली. “हसा की. हसायलाच केलंय.”

लक्ष्मय्या म्हणाला, “अक्का, सगळ्यांचं एक आनि तुमचं एक, असं कसं जमंल? गडबडीत चूक हुतीया. परत माग थांबले तर?”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि गुरम्मालाही ते कळत होतं. ती पदराशी चाळा करत उभी राहिली.

“मग सगळ्यांचंच तसं करू की,” जगदेवी डब्यावरून मान वर न करता म्हणाली. “एक डोळा म्हंजे हो. आमाला काय जड हाय?”

लक्ष्मय्याने बायकांच्या रांगेकडे पाहिलं. एकेकीने त्याच्याकडे पाहून एक डोळा मिटला. एवढ्या बायका एका वेळी डोळा मारताहेत म्हटल्यावर बिचाऱ्याचे कान लाल झाले. “एक दिवस बघू,” तो पुटपुटला.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला. थट्टेला होकार समजून नको तेव्हा हिरवं सूत आलं, एका विणकराला दिवसभर वाटलं की सगळ्या बायका आपली थट्टा करताहेत. पण लक्ष्मय्या प्रत्येक वेळी रांगेजवळ येऊन खात्री करून घ्यायचा आणि माग काही थांबला नाही. एका दिवसाचे आठ झाले, आठाचा महिना झाला. गुरम्मा आपल्या यंत्रावर होती. अर्ध्या चेहऱ्याने ती पूर्वीपेक्षा जास्त वात्रटपणा करायची, कारण उरलेल्या अर्ध्यालाच सगळं काम करावं लागत होतं. लक्ष्मय्याची नक्कल तर उजव्या गालाने आणखीच सुरेख जमायला लागली.

उन्हाळा लागला. रोज सकाळी ती आरशात डावी भुवई उचलून पाहायची आणि भुवई हूं की चूं करायची नाही. मग पाहणंही तिने सोडलं.

चैत्रातल्या एका दुपारी लक्ष्मय्याने लांबून कपाळाला बोट लावून हनुवटी उडवली. गुरम्माने कांडी बदलता बदलता होकार दिला. लक्ष्मय्या तिथेच उभा राहिला. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, हात हलवले, ‘काय म्हणताय ते कळंना’. गुरम्मा चिडली. एवढं साधं याला कळत नाही? तिने जगदेवीकडे पाहिलं, तर जगदेवीने तोंडावर हात धरला होता आणि तिचे डोळे भरून आले होते.

तेव्हा गुरम्माच्या ध्यानात आलं. तिचे दोन्ही डोळे मिटत होते आणि त्या कारखान्यात आता दोन डोळ्यांचा होकार कुणाला कळतच नव्हता.

तिने चष्मा काढला, पदराने चेहरा पुसला, दोन्हीकडून पुसला. मग लक्ष्मय्याकडे पाहून नीट, सावकाश, एकच डोळा मिटला. लाल सूत आणायला तो धावतच गेला.