दीपकच्या घरी वास येत नाही

घरात मांजर आलं की सोफ्यावर केस जमतात आणि तोंडात किस्से. माझ्याकडे दोन्हींचा ढीग झालाय. फक्त माझ्या प्रत्येक किश्श्यात दीपक येतो, आणि दीपकचं नाव निघालं की अजूनही माझा जळफळाट होतो.

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. दोस्ती शाळेपासूनची. माझा बंड्या म्हणजे शिवडीच्या गोदामामागे सापडलेला काळा बोका. त्याची बर्फी पांढरीशुभ्र. दोघांकडे मोरीजवळ लिटरचा, म्हणजे मांजराने शी-शू करायच्या खास मातीचा, ट्रे. फरक एवढाच, की पाहुणे माझ्या दारात नाकाला रुमाल लावायचे आणि दीपककडे बसून दोन-दोन कप चहा प्यायचे.

*

घरात आई आणि मी, दोघंच. आईने एक दिवस निकाल दिला.

"दीपकाकडे पण मांजरच आसा ना? थंय कसो वास येणा नाय? पुढच्या महिन्यात मामा येतलो. तवसर वास गेलो नाय, तर ह्या बोक्याक तो गावाक घेऊन जातलो."

बंड्या तेव्हा माझ्या पायावर डोकं टाकून झोपला होता. तो गेला तर ह्या खोलीत मी कोणाशी बोलणार?

*

मग नाक मुठीत धरून दीपककडे गेलो. "कुठलं लिटर वापरतोस रे?"

"तू वापरतोस तेच."

"मग?"

"डिसिप्लिन, भावा. जनावरात मालकाचा स्वभाव उतरतो."

वर त्याने लिटरची पिशवी दाखवली. तीन महिन्यांपूर्वी आणलेली, अर्धीसुद्धा संपली नव्हती. माझी पंधरा दिवसांत साफ! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

मातीच्या लिटरचे गोळे होतात, ते चाळून उचलायला जाळीचा चमचा लागतो. माझा मोडला होता. स्वयंपाकघरात त्याच आकाराचं एक उत्तम हत्यार लटकत होतं.

संध्याकाळी आईचा आवाज आला, "वडे तळूचो झारो खंय गेलो रे?"

मी मोरीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून झारा मोरीजवळच्या खिळ्यावर असतो आणि आमच्याकडे वडे झालेले नाहीत.

*

मग टोफूचं लिटर आणलं, लाकडाच्या गोळ्यांचं आणलं, खायचा सोडा भुरभुरवला. शेवटी लॅव्हेंडरच्या वासाचं आणलं. बंड्याने ते एकदा हुंगलं आणि जाऊन माझ्या कामाच्या बॅगेत कार्यक्रम उरकला.

मी हिंदमाताला साडीच्या दुकानात काउंटरवर आहे. दुसऱ्या दिवशी एका ताईंनी साडी नाकाशी नेली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साडी छान आहे. दाखवायला दुसरं कोणी आहे का?"

*

चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारलं, मांजर पाळली तर वासाचं काय करायचं? खाली अकरा जणांचं एकच उत्तर, "दीपकला विचारा." एकाने तर "दीपक सर" लिहिलं. मी ग्रुप म्यूट केला.

त्यात ती बर्फी. आमची दारं दिवसभर सताड उघडी, त्यामुळे ती दिवसातून तीन-चारदा आमच्याकडे चक्कर मारायची. आई म्हणायची, "गुणाचा पोर. बंड्याक भेटाक येता." माझा बंड्या कधी कोणाकडे गेला नाही. म्हणजे दीपकचं मांजर माणुसकीतही पुढे.

*

मामा रविवारी सकाळी आला, तोच बंड्याला न्यायला झाकणाची टोपली घेऊन. मी पहाटे उठून ट्रे धुतला होता, नवीन लिटर भरलं होतं, फरशी दोनदा पुसली होती. मामाने मोरीसमोर खुर्ची ओढली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "वास तसो नाय हां." माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दीपक आला. मामाच्या पाया पडला आणि दुसऱ्या खुर्चीत बसता बसता म्हणाला, "मामा, मी ह्याला किती सांगितलं, डिसिप्लिन लाव म्हणून. ऐकतच नाही."

त्याच्या मागोमाग बर्फी आत आली. बंड्याकडे तिने बघितलंही नाही. ती सरळ मोरीकडे गेली. बंड्या उठून बाजूला झाला, रोजची सवय असल्यासारखा. बर्फी ट्रेमध्ये चढली, खड्डा केला, बसली, नंतर दोन मिनिटं नीट माती ओढली आणि आल्या वाटेने आपल्या घरी निघून गेली.

वास मामापर्यंत पोचला.

"अक्का," मामा म्हणाला, "तुमच्याकडे मांजरा किती?"

"एक," आई म्हणाली.

मग ती उठली, खिळ्यावरचा झारा काढला आणि दीपकच्या हातात दिला.