सुनंदा घाटात उतरणार नाही: भर मे महिन्यात मोटरसायकलवर विटा ते पाचगणी

गेल्या मे महिन्यात पसरणी घाटाच्या मध्यावर आमच्या मोटरसायकलनं मान टाकली आणि माझी बायको सुनंदा स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या क्रेटच्या टेम्पोत बसून पाचगणीला माहेरी पोचली. मी मागून, गाडी निववत निववत. तिचा धाकटा भाऊ संपत तिथं टॅक्सी चालवतो. त्यानं वर्षभर एकच टेप वाजवली. बारसं असो नाहीतर वास्तुशांत, चार माणसं जमली की हा म्हणणार, "आमची आक्का मालवाहतुकीनं येती."

यंदा पाचगणीहून सुनंदाच्या भाचीच्या साखरपुड्याचं बोलावणं आलं. मी चारचाकीची किल्ली घेतली तर सुनंदा म्हणाली, "ती ठेवा. मोटरसायकल काढा. आन ह्या बारीला मी घाटात उतरणार न्हाई. उतरायला लागलं तर घरी आल्या आल्या ती गाडी भंगारात."

मी चारचाकीची किल्ली परत खुंटीला अडकवली. आम्ही विट्याची माणसं सोनं गाळायला देशभर जातो, त्याला आमच्याकडं गलाई म्हणतात. मी कोइमतूरला दुसऱ्याच्या भट्टीपुढं बसून सुरुवात केली, मग स्वतःची भट्टी घातली, आणि त्या भट्टीच्या पहिल्या कमाईतून ही गाडी घेतली. आता गावाकडं ऊस बघतो. गाडी वाऱ्यावर निवणाऱ्या साध्या इंजिनाची. म्हातारी झालीय, पण माझी आहे.

तयारीत कसर ठेवली नाही. ऑइल बदललं, नवा प्लग, साखळी ताणून घेतली, चाकांत हवा पुरी. आमचा मिस्त्री म्हणाला, "आता दिल्लीला न्या." मेकॅनिक लोक दिल्लीला फार सहज पाठवतात.

दिवस उगवायला विटा सोडलं. कडेगावमार्गे कऱ्हाडपर्यंत रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना ऊस, गार वारा. कऱ्हाडला मिसळ खाल्ली. जाणार असाल तर कट वेगळा मागून घ्या, नाहीतर पुढं दिवसभर पाणी पीत बसाल. हायवेवर मात्र रुंदीकरणाचं काम चालू आहे. जागोजाग वळवलेला रस्ता, ट्रकच्या मागं रांगत जायचं, वरून ऊन. उंब्रज ओलांडलं आणि गाडीचा दम जायला लागला. मूठ पिळावी तर वेग वाढेना, आणि इंजिनातनं बारीक खडखड. गेल्या वर्षी घाटात ऐकलेला तोच आवाज, आणि अजून तर सपाटीच होती.

सुनंदा मागून म्हणाली, "आवं, पोटरीला चटका बसतोय."

एका रसवंतीपुढं आंब्याच्या सावलीत गाडी लावली. रसवाला लगबगीनं पाण्याची बादली घेऊन आला, "ओतू का हिच्यावर?" मी त्याचा हातच धरला. तापल्या मुशीवर पाणी पडलं की ती तडकते, हे मी भट्टीवर शिकलोय. तापल्या इंजिनावर कुणी पाणी ओतू देऊ नका.

आल्याचा रस मागवला. मागच्या बाकावर दोघं शेतकरी बसले होते. त्यांना वाटलं मला ऐकू जात नाही. पण गलाईचं दुकान चालवलेल्या माणसाचे कान पाठीला असतात.

एक म्हणाला, "गड्या, त्या गाडीला हिवताप आलाय का रं?"

"का?"

"मे महिन्यात वाकळ पांघरून फिरतीय."

दोघं हसले. मी ग्लास खाली ठेवला आणि गाडीकडं पाहिलं.

लेगगार्डला रेक्झिनचा पडदा. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीचा चिखल इंजिनावर आणि पायावर उडतो म्हणून आमच्या भागात सगळेच पुढच्या गार्डला असा पडदा आवळून बांधतात. मी बांधला तो कायमचाच राहिला. शेतावर जायचं-यायचं अंतर ते केवढं, त्यात काही जाणवलं नाही. मिस्त्री दर सर्व्हिसिंगला तो सोडायचा, पुसायचा आणि पुन्हा झकास बांधून द्यायचा. आणि त्या पडद्यामागं, नुसता वारा लागावा म्हणून ज्याच्या अंगावर पत्र्यासारख्या पट्ट्या काढल्यात, ते इंजिन घुसमटत होतं.

उभा जन्म मी वाऱ्याशी खेळलो. भट्टीला वारा घातला की ती पेटते, इंजिनाला घातला की ते निवतं. एवढं कळायला रसवंतीवर टोमणा ऐकावा लागला.

मी पडदा सोडायला बसलो, तर मागचा शेतकरी ओशाळून म्हणाला, "आवं पाव्हणं, आमी आपली चेष्टा केली."

"झ्याक केलीसा," मी म्हणालो, आणि दोघांच्या रसाचे पैसे दिले.

पडदा रसवाल्याला दिला. त्यानं तो लगेच बर्फाच्या पेटीवर पसरला.

पुढं साताऱ्यापर्यंत गाडी गुमान चालली. कंदी पेढे घेतले. वाईला कृष्णेच्या घाटाजवळ झाडाखाली गाडी चांगली निवू दिली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खरं तर दोघांनी घाट चढायचा तर तो सकाळीच. आम्हाला उशीर झालेला, ऊन डोक्यावर आलेलं, आणि साखरपुडा काही थांबणार नव्हता. सुनंदानं पदर खोचला. "चला," म्हणाली.

पहिली वळणं मजेत गेली. गेल्या वर्षीची जागा जवळ आली तशी मी खडखड येतेय का म्हणून इंजिनाकडं कान लावला. चढ उभा झाला, गाडी तिसऱ्या गिअरवर कण्हायला लागली. तेवढ्यात मागून हॉर्न. संपत. वाईला प्रवासी सोडून रिकामा परत निघालेला. टॅक्सी शेजारी घेऊन म्हणाला, "आक्का, बस की आत. एसी हाय. दाजी येतील सावकाश."

सुनंदानं त्याच्याकडं निवांत पाहिलं. "घामानं भिजलाईस, काचा खाली हायत, आन एसी कुणाला दाखवतोस रं? घाटात तुझीच गाडी तापती म्हणून बंद केलायस न्हवं?"

 समोरून एसटी आली तशी संपतनं टॅक्सी मागं घेतली.

मग ती माझ्या कानाशी म्हणाली, "आवं, गिअर पाडा. कण्हतीय ती."

बरोबर होतं तिचं. वरच्या गिअरमध्ये रेटलं की इंजिन जास्त तापतं. दुसरा टाकला. आवाज मोकळा झाला, खडखड नाही, पोटरीला चटका नाही. गेल्या वर्षी गाडी निवेपर्यंत मी ज्या कठड्यावर बसलो होतो तो मागं पडला, मग पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. खाली धोम धरणाचं पाणी चकाकायला लागलं आणि एकदम गार वारं तोंडावर आलं.

संपतच्या दारात सगळं माहेर जमलं होतं. वाई सोडल्यापासून सुनंदा तिथंच पहिल्यांदा खाली उतरली. मागून संपत आला, गाडी लावली, आणि गपचूप तिच्या हातातली पिशवी घेतली. साखरपुड्यात कुणीतरी टेम्पोचा विषय काढलाच, तर तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. मी पाठीमागंच हुतो."

तिसऱ्या दिवशी पहाटे घाट उतरलो आणि ऊन तापायच्या आत कऱ्हाड गाठलं. येता-जाता मिळून पेट्रोल एका टाकीच्या आसपास, आणि दुचाकीला टोल नाही. पण खर्च वाचवण्यासाठी हा प्रवास करू नका.

घरी आल्यावर मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. आत सुनंदा साखरपुड्याला येऊ न शकलेल्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगत होती, "उतरतीय कशाला? आमी चढवला की घाट."

मी कान टवकारले. 'ह्यांनी चढवला' म्हणाली असती तरी मी खूश झालो असतो. ती 'आमी' म्हणाली. मी चहा संपवला आणि गाडीला हात फिरवून आत गेलो.