राहून गेलेलं ओसियां

कॅनडात बाहेर बर्फ साचलेला असायचा आणि आम्ही नवराबायको इंटरनेटवरून छापलेले राजस्थानचे नकाशे टेबलावर पसरून बसायचो. जोधपूरला मुक्काम, सकाळी ओसियांची देवळं, संध्याकाळी परत. पासष्ट किलोमीटरला हे इथल्या हायवेच्या सवयीने चाळीस मिनिटं धरायचे. मी चिडून दोन तास करायचे.

पुण्यात उतरलं की मावशीकडे जेवण, आत्याकडे जेवण. नाही म्हटलं तर रुसवे. दर खेपेला कात्री लागायची राजस्थानला.

‘या जेवणांपायी काही बघून होत नाही,’ मी कुरकुरायचे.

मग एकेक करून ती घरं बंद झाली. पुढच्या खेपेला ओसियां झालं. देवळाच्या पायरीवर यांनी विचारलं, ‘पुण्यात जेवायला कुणाकडे जायचं?’

मला एकही घर आठवेना.