शेवटच्या प्रश्नाला माणूस खरं बोलतो

माझ्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडणार नाही, आणि आमच्या घराचं त्यांच्याइतकं वाटोळं दुसऱ्या कुणीही केलेलं नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीत करतो आहे. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे यजमान. मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडे राहतात. उभी हयात सरकारी कचेरीत काढली, आणि तिथे स्वतःच्या टेबलावरून गायब झालेली फाईल त्यांना कधी सापडली असं माझ्या तरी ऐकिवात नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्यातला गुप्तहेर जागा झाला. घरात एक जुना कॉम्प्युटर आला, त्यात एक खेळ निघाला, आणि त्या दिवसापासून साडू आमचे राहिले नाहीत.

खेळ गुप्तहेराचा, आणि तोही विनोदी. त्यात एक ढेरपोट्या बगळा गुप्तहेर असतो आणि एक शेळी त्याची सहायक. गोळीबार नाही, पळापळ नाही. पडद्यावर एखादी खोली दिसते. माऊसचा बाण नेऊन तिथल्या प्रत्येक वस्तूवर टिचकी मारायची. घड्याळावर मारली की बगळा घड्याळाबद्दल काहीतरी वात्रट बोलतो, उशीवर मारली की उशीबद्दल. जे उचलता येईल ते पिशवीत टाकायचं. भेटेल त्याला सगळे प्रश्न विचारायचे, आणि प्रश्न संपले की पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. शेवटी सगळ्यांना एका खोलीत गोळा करून चोर कोण ते सांगायचं. चोर कपाळावर हात मारतो, एक विनोद करतो, सगळे हसतात आणि भाग संपतो. हे खेळ असे भागाभागानेच येतात, आणि एका भागानंतर दुसरा यायला महिनेच्या महिने जातात. मधल्या काळात साडूंना करमत नसे, आणि मग ते आमच्यावर सराव करत.

मी त्यांची शेळी होतो. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी स्कूटर काढून मुकुंदवाडीला जायचो आणि त्यांच्या शेजारी वेताच्या मोढ्यावर बसायचो. खेळातलं इंग्रजी ते आमच्या बोलीत मोठ्याने सांगत. बगळा शेळीवर खेकसला की साडू माझ्यावर खेकसत, "अगं येडे, ही चावी नाय, काकडी हाय. तू पुरावाच खायलीस!" त्यांची ही भाषांतरं मूळ खेळापेक्षा भारी होती, असं माझं मत आहे. आक्का आतून ओरडायच्या, "दोन म्हातारे मिळून बगळ्याच्या नादी लागलेत. लोकांना काय सांगू मी?" आणि चहा आणून द्यायच्या. त्या दुपारी मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही, आणि याचा मला फार राग येतो.

खेळ पडद्यावरच राहिला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण साडूंना बंद दार, झाकलेला डबा आणि लोटलेलं ड्रॉवर सहन होईना. आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी चपलांचं कपाट उघडून बघत. मग फ्रिज, मग माळा, मग आमच्या झोपण्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट. माझी बायको सुरुवातीला संकोचायची, नंतर हसून सोडून द्यायची. "दाजी, काय हुडकायलात?" असं विचारलं की ते म्हणत, "काही नाय गं. नुसतं बघून ठेवायलोय. पुढं कामाला येतं." खांद्याला कायम एक रेक्झिनची पिशवी. तिच्यात तुटका हूक, अर्धी मेणबत्ती, केसांची पिन, सायकलची घंटी, लग्नात वाटलेलं अत्तर. एकदा माझी स्कूटर भर चौकात बंद पडली, तेव्हा त्यांनी त्या पिशवीतली एकेक वस्तू तिला लावून पाहिली आणि केसांच्या पिनेने ती चालू झाली. त्या दिवसापासून त्यांना समजावणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

वेरूळला गेलो तेव्हा तर त्यांनी कहर केला. लोक मान वर करून लेणी बघत होते आणि साडू दगडी हत्तीच्या पायाचं एकेक नख दाबून पाहत होते, एखादं दाबलं की भिंत सरकेल म्हणून. रखवालदाराने शिट्टी मारली. "ओ काका, हात लावू नका तिथं." झालं, यांना बोलायला माणूस मिळाला. तुम्ही इथं किती वर्षं, रात्री कोण असतं, कुलपं कुणाकडं असतात, सगळं विचारून झालं आणि साडूंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रखवालदार त्यांना दंडाला धरून चौकीकडेच नेणार होता. आक्कांनी हात जोडून, "यांचं डोकं जरा असंच हाय," असं सांगितलं तेव्हा सुटका झाली. परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारलं की तोच प्रश्न दोनदा कशाला. तर म्हणाले, "साडूभाऊ, पहिल्यांदा माणूस सवयीनं बोलतो. मधी टोलवतो. पण शेवटच्या प्रश्नाला माणूस खरं बोलतो. सगळे भाग बघा, एकदाबी चुकलं नाय." मी हसलो होतो. शेळीचं काम तेवढंच.

आता नथ. माझ्या बायकोचं माहेर शहागंजात, खाली मेव्हण्याचं बांगड्यांचं दुकान आणि वर घर. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, तिथेच बसतात आणि आम्ही सगळे तिकडेच जमतो. दोघींच्या अंगावर घरातले जुने दागिने घालतात. त्या वर्षी साज चढवताना धाकट्या महालक्ष्मीची नथ डब्यात नव्हती. मेव्हण्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, डोक्याला हात लावला. सासूबाई माळ जपत बसल्या. माझी बायको पांढरी पडली. साडूंचा चेहरा मात्र उजळला. नवा भाग येऊन बराच काळ लोटला होता.

त्या दोन दिवसांत त्यांनी घरातल्या एकाही माणसाला सुखाने पुरण वाटू दिलं नाही. कुणाला पाण्याचा तांब्या, कुणाला सुपारी देत देत ते सगळ्यांकडून माहिती काढत फिरले. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, विडे झाले, सगळे भिंतीला टेकून सुस्तावले, तेव्हा साडू शिलाई मशीनला रेलून उभे राहिले आणि म्हणाले, "सगळे जमलेत, तर सांगून टाकतो." नथ सिडकोत आमच्या घरी आहे, लोखंडी कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली. त्यांनी ती तिथे महिन्यापूर्वीच पाहिली होती. नथीतला एक मोती जरा लालसर आहे, त्यावरून आता ओळख पटली.

ते जे म्हणाले ते खरं होतं. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या आमच्याकडे राहिल्या होत्या. माझ्या बायकोने त्यांचं सगळं केलं. जाताना त्यांनी पदराच्या गाठीतून ती नथ काढून हिच्या हातात कोंबली आणि कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. हिने नको नको म्हटलं. सणाच्या आधी फोन करून परत आणू का, असंही विचारलं, तर "ठेव गं, मी बघते," असं उत्तर आलं. साडूंनी हेही ताडलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळा शेवट तयार होता. सासूबाई कपाळावर हात मारून "मीच दिली बाबा" म्हणणार, सगळे हसणार, भाग संपणार. म्हणून ते मोठ्या कौतुकाने त्यांच्याकडे वळले. "आता शेवटचा प्रश्न. आई, नथ तिच्याकडं कशी गेली?"

सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग माळ कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "मला काय आठवत नाय बाबा."

कुणी हसलं नाही. माझ्या बायकोने तोंड उघडलं आणि मिटलं. ती बोलली असती तर तिची आई सुनेसमोर खोटी ठरली असती, आणि आईला उरलेले दिवस त्या सुनेच्याच हातचं खायचं होतं. म्हणून ती चोर ठरली. दुसऱ्या दिवशी मी नथ नेऊन दिली. वहिनींनी ती दारातच घेतली. पुढची दोन वर्षं माहेरून बोलावणं आलं नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी माझी बायको वरण-भाताचा कुकर लावायची आणि दुपारी झोपून राहायची. मला सासूबाईंचा राग आला, तो अजून गेलेला नाही. साडूंशी तर मी बोलणंच टाकलं. रविवारी दुपारी मी आमच्या घरातली भिंत बघत बसायचो.

या वर्षी सणाच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. "शहागंजला या. तिला आणू नका." मी गेलो, खरं तर चार शब्द सुनवायलाच गेलो. वर सगळे बसले होते, आणि साडू पुन्हा शिलाई मशीनला रेलून उभे. ते म्हणाले, "नथ मी उचलली होती. डब्यातून मीच काढली आणि सिडकोच्या कपाटात मीच ठेवली. नवा भाग येईना, करमंना. म्हटलं घरच्या घरी एक कोडं घालावं. तिला काहीच माहीत नव्हतं."

त्या गोष्टीत भोकंच भोकं होती. मग माझी बायको तेव्हा पांढरी का पडली, आणि एवढी गप्प का राहिली? खेळातल्या शेळीलाही हे प्रश्न पडले असते. शहागंजात एकालाही पडले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या त्या खेळापायी आमच्या घरची लेक दोन वर्षं दारात आली नाय! लाज नाय वाटली?" मेव्हणा म्हणाला की आक्का खुशाल येऊ देत, दाजींनी मात्र या घराची पायरी चढायची नाही. आणि सासूबाई, ज्यांना काही आठवत नव्हतं, त्या माळ थांबवून म्हणाल्या, "मला तवाच संशय आला होता जावईबापूंचा." साडूंनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. खाली बांगड्यांच्या दुकानासमोर ते पिशवी सावरत रिक्षाची वाट बघत उभे होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. चार शब्द आणले होते, ते रिक्षावाल्याशी भाडं ठरवण्यात गेले.

माझी बायको माहेरी गेली. वहिनींनी तिची गळाभेट घेतली, सासूबाईंनी नव्या साडीने ओटी भरली. ती सगळ्यांशी हसून बोलली. जेवायला बसल्यावर मात्र तिचा घास हातातच राहिला. मग ती उठली, पुरणपोळी, कढी, भाज्या, आंबील असं सगळं डब्यात भरलं आणि डबा माझ्याकडे देऊन म्हणाली, "दाजी एकटेच असतील."

एकटेच होते. आक्का शहागंजात होत्या. नवा भाग आला होता आणि पडद्यावर बगळा एका जत्रेत उभा होता. मला पाहून त्यांनी मोढा पुढे सरकवला, जणू मी मागच्याच रविवारी आलो होतो. "हा बघा फुगेवाला," ते म्हणाले. "मागच्या भागातला चोर हाय. नुसती टोपी बदललीय. सगळे त्याच्याकडून फुगे घ्यायलेत, कुणी काही म्हणंना." त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. "ती जेवली का?"

"जेवली," मी म्हणालो.

"मग झालं." त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि फुगेवाल्याच्या टोपीकडे बोट केलं. "साडूभाऊ, पुढच्या वर्षी मी कोणती टोपी घालून जाऊ?"

मी मोढा पडद्याजवळ ओढून बसलो. म्हणालो, "खेळा की पुढं. त्या फुगेवाल्याला विचारा काहीतरी."

"विचारतो," साडू म्हणाले आणि त्यांनी माऊसवर हात ठेवला. "पण शेवटचा प्रश्न राहू देतो."