अण्णांनी माझ्या टाकीचा गंज काढला

मंडळी, आज घरात मी कोणाशी बोलत नाहीये, म्हणून इथे बोलतो.

वर्षभर सुट्टीच्या दिवशी राबून मी एका जुन्या मोटरसायकलची अमेरिकन थाटाची गाडी बनवतोय. उंच हँडल, पुढे लांब गेलेलं चाक, सगळं. अमेरिका मी पाहिलेली नाही, पण तिथल्या जुन्या गाड्या बघितल्या की सोडून आलेलं गाव आठवावं तसं होतं.

तिच्यासाठी भंगारातून एक अस्सल अमेरिकन पेट्रोलची टाकी मिळवली होती. विटलेला लाल रंग आणि त्यावर गंजाचे डाग. ते डाग हीच तिची शान होती.

आज फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून काळेवाडीला घरी आलो, तर टाकी गच्चीत वाळत होती. चकचकीत, फिकट हिरवी.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, गाड्यांच्या कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेत.

"पार गंजली होती रे. घासून प्रायमर मारला, वर दोन हात दिले. बघ, कुठे ओघळ दिसतोय का?"

"अण्णा, तो गंज मला हवा होता."

"गंज धरू नये म्हणून जन्मभर पगार घेतला मी," ते म्हणाले.

मग रंग ओळखीचा वाटला. आमच्या जुन्या स्कूटरचा. तिच्यावर मी अण्णांच्या पुढ्यात उभा राहून शाळेत जायचो. शेड त्यांनी आठवणीने जुळवली होती. माझा राग तिथेच निम्मा झाला.

पण आत्ता जेवताना म्हणाले, "तुझं हँडल फार वर वाकलंय. उद्या सरळ करून देतो."

माझ्या कामाच्या वाटेवर, भोसरीत, कोणाकडे एक गाडी लपवायला जागा आहे का?