वारा लागू नये म्हणून

रमाकांत मुळ्ये यांनी आयुष्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून जपली, ती म्हणजे देवघरातला नंदादीप. वडिलांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, "दिवा विझू देऊ नकोस." रमाकांतरावांनी तो चौतीस वर्षं विझू दिला नाही. याच चौतीस वर्षांत त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना, खोकला लागला, वाढला आणि मुरला. तिकडे मात्र त्यांनी काणाडोळा केला.

त्यांचं घर हिंदी मुलखातल्या एका शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीतलं, एकामागे एक तीन खोल्यांचं. मधल्या खोलीत देवघर आणि तिथंच स्वयंपाक, कारण नैवेद्य सोवळ्यात, देवासमोर शिजवायचा अशी घरची रीत. या खोलीला बोळाकडे एक खिडकी होती आणि वर छताजवळ एक रोशनदान, म्हणजे झरोका. मे महिन्यात लू सुटली की दोन्हीकडून वारा घुसायचा आणि दिव्याची ज्योत आडवी व्हायची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात रमाकांतरावांनी रोशनदानावर प्लायवूड ठोकलं आणि खिडकी लावून फटींत जुनं धोतर कोंबलं.

नवी नवरी असूनही सुनंदाबाईंनी तेव्हा विचारून पाहिलं होतं, "अहो, दिव्यालाच काच लावली तर? कंदिलाला असते तशी?"

"देवाच्या दिव्याला काच?" रमाकांतराव म्हणाले. "आपल्याकडे ज्योत उघडीच असते."

असं घरात कुणीही सांगून ठेवलेलं नव्हतं. त्यांना तेव्हा सुचलं आणि त्यांनी ते ठोकून दिलं. सुनंदाबाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

गंमत अशी की हा गृहस्थ सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचा. दरवर्षी सातवीच्या वर्गात पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घालायचा आणि ज्योत मालवली की विचारायचा, "बताओ, क्यों बुझी?" पोरं एका सुरात ओरडायची, "हवा ख़तम हो गई, सर!" "शाबाश," म्हणून मास्तर घरी येत आणि खिडकीतलं धोतर जागच्या जागी आहे ना, ते आधी बघत.

आणि त्या कोंडलेल्या खोलीत काय काय नव्हतं! सकाळ-संध्याकाळ धूप, कापूर, उदबत्ती. तिळाच्या तेलाची काजळी. मिरचीच्या फोडणीचा खाट, शेगडीची धग. रमाकांतराव पूजेपुरते अर्धा तास तिथं बसत आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचायला जात. सुनंदाबाई दिवसाचे सहा-सात तास तिथंच असत. दर दिवाळीला छताला पांढरा हात मारला की होळीपर्यंत ते पुन्हा काळं व्हायचं. ते काळं छत रमाकांतराव वर्षानुवर्षं बघत होते, पण जे छताला बसतं ते माणसाच्या छातीतही जातं, एवढं या विज्ञानाच्या मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

मुलगी यशश्री इंदूरहून आली की कुरकुरायची. "बाबा, इथे दम घुटतो. आई कशी राहते यार?" एकदा तर तिनं इलेक्ट्रिशियन बोलावून एग्झॉस्ट पंखा बसवून घेतला. पंखा सुरू झाला तशी ज्योत थरथरली. यशश्रीची गाडी स्टेशनातून सुटली नसेल, तोच रमाकांतरावांनी पंख्याचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली.

या जानेवारीत सुनंदाबाईंना आरतीचं एक कडवंही पुरं म्हणता येईना. तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावली आणि विचारलं, "माताजी, चूल्हे पर खाना बनाती हैं?"

"नहीं, गैस है।"

"रसोई में खिड़की, रोशनदान?"

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"है," रमाकांतराव म्हणाले. मग मान खाली घालून, "मैंने बंद कर रखा है। चौंतीस साल से।"

गेलेला दम परत येणार नाही, उरलेला सांभाळा, घरात हवा खेळती ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि श्वासातून औषध ओढायचा पंप लिहून दिला.

घरी येताच रमाकांतराव शिडी लावून वर चढले. खिळे गंजले होते. प्लायवूड निघालं तसा उजेडाचा पट्टा समोरच्या भिंतीवर पडला आणि भिंतीवरची काजळी लख्ख दिसली. मग त्यांनी धोतर ओढून खिडकी उघडली. थंड वारा आत शिरला आणि नंदादीप विझला.

रमाकांतराव जागीच थिजले. बाहेरच्या खोलीतून पलंगावरच्या सुनंदाबाईंनी विचारलं, "विझला का?"

"हो."

"मग लावा परत. काडेपेटी घंटेशेजारी आहे."

त्यांनी दिवा लावला. तो लागला. आकाशातून वीज पडली नाही की देव कोपला नाही. खिडकीतून वारा येतच होता, म्हणून ते ज्योतीला हाताचा आडोसा धरून तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं उठून पाटणकर बाजारात गेले आणि कंदिलाची काच घेऊन आले.

सुनंदाबाई भिंतीला धरत धरत मधल्या खोलीत येऊन बसल्या. रमाकांतराव काचेखाली तीन सुपाऱ्या ठेवून ती नीट बसते का ते बघत होते. ज्योत सरळ उभी होती, जरासुद्धा हलत नव्हती.

"सुपाऱ्या कशाला?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"खालून हवा आत यायला हवी आणि वरून धूर बाहेर जायला हवा," रमाकांतराव म्हणाले. शिकवायची सवय जाता जात नव्हती. "नाहीतर दिवा गुदमरतो."

बोलून गेल्यावर त्यांचा हात काचेवर तसाच राहिला. खोलीत फक्त सुनंदाबाईंच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

"हं," त्या दम घेत म्हणाल्या, "दिव्याचं तुम्हाला बरोबर कळतं."