राजाची अडीच घरे

१९७३ च्या मे महिन्यात राहात्यातील एका वाचनालयात झालेल्या बुद्धिबळाच्या शेवटच्या डावात मी सुतारमामांना हरवले. जिंकणारा नगरला जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होता. मामांनी त्यासाठी नवा सदरा शिवून घेतला होता.

मी शाळेत शिक्षक होतो. गावात देशी पद्धतीने खेळत: प्यादे नेहमी एकच घर सरके, आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरे जाता येई. आधीच्या फेऱ्याही तशाच झाल्या; शेवटचा डाव आणि नगरचे सामने मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी होणार होते. ते सर्वांना सांगण्याचे काम माझ्याकडे होते. इतरांना मी तोंडी सांगितले. मामांसाठी भिंतीवर लावलेला नियमांचा कागद पुरेसा धरला. त्यांना वाचता येत नव्हते. मला ते माहीत होते. ओट्यावरच्या खेळात मी त्यांच्याकडून नेहमी हरत असे.

पहिल्याच चालीत मी राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले.

"दोन?" मामांनी विचारले.

"नव्या पद्धतीत चालतं."

"बरं."

राजाची अडीच घरे बंद झाल्याचा नियमही तेव्हाच सांगता आला असता. मी सांगितला नाही.

पटाची मधली चार घरे प्याद्यांनी आधी धरावीत, असे मी पुस्तकात वाचले होते. तीन प्यादी तिथे नेऊन उभी केली. मामा कडेकडेने एकेक घर सरकत राहिले. कोपऱ्याजवळून त्यांनी उंट तिरपा रोखला.

"मामा, गुरुजींनी आख्खी पेठ घेतली, तुमी अजून उंबऱ्यातच!" बघ्यांपैकी एक जण म्हणाला.

"घिऊ दे. राखाया मानसं लागत्यात."

विसाव्या चालीपर्यंत माझी ती तिन्ही प्यादी गेली. मधली घरे राखायला मागे किती मोहरी लागतात, हे मला तेव्हा कळले.

मग मामांनी राजा उचलून अडीच घरांवर ठेवला.

"ही चाल चालत नाही," मी म्हणालो.

"का वं गुरुजी? अजून शह कुटं बसलाय?"

ग्रंथपालांनी कागद वाचून दाखवला. हात लावलेले मोहरे हलवलेच पाहिजे, असेही त्यात होते. राजाला एकच घर मोकळे होते. तो तिथे गेल्यावर माझ्या घोड्याने राजा आणि वजीर एकाच चालीत गाठले.

"मला न्हाई सांगितलं कुनी," मामा म्हणाले.

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, सगळ्यांना सांगितलं होतं ना?"

"सगळ्यांना," मी म्हणालो.

नगरला मी पहिल्याच फेरीत हरलो. मामा पुन्हा वाचनालयात आले नाहीत. त्यांच्या घरी मी गेलो नाही.